खंडित पिस्तूल

समस्त हिंगोली जिल्ह्यातील बंधू-भगिनींनो, कृपया शांतता राखावी. लहान मुलांना मांडीवर घ्यावे. एक अत्यंत गंभीर बाब जाहीर करण्यात येत आहे. डोंगरकड्याच्या अलीकडच्या एका गावात, एका सज्जन गृहस्थाच्या कपाटात, एक जुने लष्करी पिस्तूल पोकळ मुठीनिशी पडून असून त्याचा एक महत्त्वाचा अवयव बेपत्ता आहे. ज्या कुणाला तो आढळेल त्याने ताबडतोब...

ताबडतोब काय, ते कळेपर्यंत दसरा येऊन ठेपला होता. आणि ही घोषणा मला एकाही माइकवरून करता आली नाही, याचं दुःख वेगळंच. मी हिंगोलीत फोटो स्टुडिओ चालवतो आणि साखरपुड्यापासून निरोप समारंभापर्यंत मिळेल तिथे सूत्रसंचालन करतो. पण पिस्तुलाचे मालक पडले माझे सासरे. त्यांनी मला आधीच बजावलं होतं, की ही गोष्ट चार भिंतींबाहेर गेली तर जावयाने पुढच्या दिवाळीला आपलं उटणं घरूनच आणावं.

हे पिस्तूल सासऱ्यांच्या आजोबांनी निजामाच्या काळात मिळवलेलं. ते त्यांना कसं मिळालं याच्या घरात तीन हकिगती आहेत आणि तिन्ही सासऱ्यांनीच सांगितलेल्या आहेत. आता त्यातून गोळी सुटायची काही सोय नाही. परवानाधारक कारागिराने नळीत शिसं ओतून ती कायमची बंद केली आहे, आतली सुई काढून घेतली आहे आणि त्याचे कागद ठाण्यात आहेत. पण दरवर्षी दसऱ्याला ते पाटावर मांडलं जातं. सगळी भावकी जमते, सासरे पूजा करतात आणि मग तेच पहिलं सोनं वाटतात. ज्याच्या घरी शस्त्र, त्याच्या हातची पहिली पूजा, असा तिथला रिवाज. सासऱ्यांना वर्षभर कुणी सरपंच म्हणत नाही, सोसायटीवर घेत नाही, पण त्या एका दुपारी सगळी भावकी त्यांच्या पाया पडते. त्या दुपारवर त्यांचं उरलेलं वर्ष निघतं.

गेल्या वर्षीच्या त्या दुपारी त्यांच्या चुलत भावाने, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांनी, पाटावरचं पिस्तूल सहज उचललं. उलटं केलं. मुठीच्या खालच्या पोकळीत बोट घातलं. बोट आत गेलं ते दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "दादा, हे तर खंडित हाय. खंडित पुजत न्हाईत."

आता पिस्तुलाची रचना ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुठीत खालून एक चपटी पोलादी डबी सरकवतात. गोळ्या तिच्यात असतात. तिला मॅगझिन म्हणतात. ती डबी सासऱ्यांच्या लहानपणीच कधीतरी विहिरीत पडली आणि तिच्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. पण देव असो की शस्त्र, भंगलेलं पुजायचं नसतं, हे भावकीतल्या लेकरालाही माहीत. सासऱ्यांनी पूजा उरकली खरी, पण अक्षता टाकताना लोकांचे हात जरा आखडलेले होते. एका म्हाताऱ्याने तर आपल्या अक्षता परत खिशात घातल्या.

त्या दिवसापासून सासरे पारावर बसेनासे झाले. यंदा दसऱ्याला लेकीकडे हिंगोलीला येतो म्हणाले. सासूबाईंनी फोनवर मला एवढंच सांगितलं, की हे दसऱ्याला घर सोडून निघाले तर पहिली पूजा चुलत घरात जाईल आणि मग कधी परत यायची नाही. तुमी शहरात राहता, चार लोकांत वावरता, कायतरी करा.

जावई म्हणजे घरचा फुकटचा मंत्री. मी कामाला लागलो.

पहिली चूक बायकोने केली. शेजारणीने विचारलं, तुमचे हे कशाच्या धावपळीत आहेत. बायको म्हणाली, बाबांसाठी एक जुनं मॅगझिन शोधून राहिलेत, कुठंच मिळेना. दुसऱ्या दिवशी शेजारीण सुतळीने बांधलेला दिवाळी अंकांचा गठ्ठा दारात ठेवून गेली. वरच्या अंकावर चिठ्ठी होती, की वडिलांना वाचून झाल्यावर परत दिले नाहीत तरी चालतील. तेव्हापासून आम्ही घरात मॅगझिन हा शब्द टाकून दिला आणि नुसतं डबी म्हणू लागलो.

नांदेडला जुन्या हत्यारांचे एक परवानाधारक दुकानदार आहेत. वयस्क, सुरमा लावलेले, बोलायला भलते कडक. त्यांना फोन लावला. त्यांनी विचारलं, पिस्तूल कोणतं. मी म्हटलं, काळं. मग त्यांनी मला एखाद्या ढ पोराला समजवावं तसं समजावलं. जुन्या लष्करी पिस्तुलांच्या डब्या एकीसारखी एक दिसल्या तरी एका पिस्तुलाची दुसऱ्याला लागत नाही. डबी अडकवणारा खटका मुठीच्या बुडाशी आहे की अंगठ्याजवळ, ते बघा. पोकळीची लांबी-रुंदी घ्या, ती मागे किती झुकलीय ते बघा. पिस्तुलावर कुठे आकडे ठोकलेत ते उतरवून घ्या. आणि ते पिस्तूल उचलून घेऊन येऊ नका, फक्त माप आणि फोटो आणा.

मी सासुरवाडीला गेलो. खटका बुडाशी होता, आकडे सापडले, इथवर सगळं सोपं. पण पोकळीचं माप घ्यायचं कसं? पट्टी आत जाईना, टेपचं टोक आतल्या आत वाकायचं. सासरे म्हणाले, राहू द्या. सासूबाई परातीत कणीक मळून राहिल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पिस्तुलाकडे बघितलं आणि परातीतला एक गोळा उचलला.

पिस्तुलाच्या इतिहासात मुठीत कणीक भरणारे आम्ही पहिलेच असू. पोकळीला आतून तेलाचं बोट लावलं, कणीक दाबून दाबून बसवली, थोडी सुकू दिली आणि हलकेच ओढून काढली. काय सांगू, सुरेख ठसा निघाला. खाचाखोचांसकट. फक्त तो इतका मऊ, की हातात धरला की मान टाकायचा. नांदेडपर्यंत एसटीत त्याची चकली झाली असती. मग सासूबाईंनीच उपाय काढला. जरा तव्यावर शेकून घेते म्हणाल्या, घट्ट होईल. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सासऱ्यांनाही वाटलं नाही. आम्ही तीन जाणती माणसं तव्याभोवती उभं राहून पिस्तुलाच्या डबीला खरपूस रंग चढताना पाहत होतो. खमंग वास सुटला. सासऱ्यांनी तर तूप लावू का, असं विचारायला तोंड उघडलं होतं.

नांदेडला दुकानदारांच्या समोर मी रुमाल सोडला आणि तो साचा काचेवर ठेवला. त्यांनी चष्मा लावला. तो उचलला, वळवला, बोटाने टिचकी मारली, नाकाजवळ नेला.

"ये क्या है?"

मी म्हटलं, पिस्तुलाच्या पोकळीचा साचा.

"साब, ये रोडगा है."

होता खरा. तव्यावर तो फुगला होता. त्याच्या मापाची डबी मागवली असती तर ती तोफेला लागली असती. दुकानदारांनी तो परत रुमालात ठेवला आणि बांधूनही दिला, वाटेत भूक लागली तर असावा म्हणून.

मी शरमलो, पण हार मानली नाही. म्हटलं, फोटो बघा निदान. मोबाइलवर गेल्या दसऱ्याचा फोटो उघडला. पाट, पाटावर लाल कापड, पिस्तूल, शेजारी विळे, कोयता, एक तलवारीचं पातं, झेंडूची फुलं. फोटो मीच काढलेला, उजेड वगैरे झकास. दुकानदारांनी दोन बोटांनी तो मोठा केला. पिस्तुलावर थांबतील असं मला वाटलं. त्यांची बोटं पिस्तुलावरून घसरत पुढे गेली आणि झेंडूच्या खाली अर्धवट दिसणाऱ्या एका कुंकवाने माखलेल्या चपट्या वस्तूवर थांबली.

"ढूंढ क्या रहे, साब? मेगझीन तो बाजू में पडी है."

मी त्यांना हसून सांगितलं, की ते मॅगझिन नव्हे, ते जंबियाचं म्यान. माझ्या चुलत सासऱ्यांच्या घरचं. त्यांच्या आजोबांच्या जंबियाचं. जंबिया हरवला, म्यान राहिलं. ते दरवर्षी स्वतः आणून पाटावर ठेवतात आणि त्याच्यावर कुणाला बोट ठेवू देत नाहीत.

दुकानदारांनी माझ्याकडे इतक्या करुणेने पाहिलं, की मला तो रोडगा काढून खावासा वाटला. म्हणाले, म्यानाला खाली बूड असतं का? बाजूला भोकं असतात का? मग त्यांनी सांगितलं, की लष्करी पिस्तुलाबरोबर बहुधा दोन डब्या यायच्या. एक मुठीत, एक कमरेच्या थैलीत. दोन्हींच्या बुडाला पिस्तुलाचेच शेवटचे आकडे ठोकलेले. दुसरी डबी ओळखायची म्हणजे तिच्यावर आकड्यांशेजारी अधिकची खूण. ती खूण दिसली तर जगात दुसरीकडे कुठे शोधायला जाऊ नका. आणि मिळाली की आधी ठाण्यात कळवा, परवान्यावर नोंद करून घ्या, नाहीतर माझ्या दुकानात पुन्हा येऊ नका.

संध्याकाळच्या गाडीने मी सरळ सासुरवाडी गाठली. सासऱ्यांना सांगितलं तेव्हा ते बाजेवर बसले होते. मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी तो फोटो बघितला. मग त्यांनी एकदम मांडीवर थाप मारली.

झालं होतं असं. त्यांचे वडील आणि चुलते वेगळे निघाले तेव्हा ती वाटणी पंचक्रोशीत गाजली होती, कारण तिच्यात कुणावर तिळभर अन्याय होऊ दिला नव्हता. जे दोन होतं ते एकेक वाटलं. जातं घरात एकच होतं, पण त्याला दगड दोन. वरचा एका घरात गेला, खालचा दुसऱ्या घरात, आणि दोन्ही घरांनी पुढे दळण गावातल्या गिरणीवर नेलं. पलंग एक होता, त्याचे खूर चार, म्हणून दोन-दोन. शेत एक, त्याच्या मधोमध बांध घातला. पिस्तूल एक, ते थोरल्याकडे. पण डब्या दोन, मग एक धाकट्याची. धाकट्याने ती डबी देवघरात ठेवली. ती कशाची हे त्याने पोरांना सांगितलं नाही, की सांगायच्या आधीच गेला, कोण जाणे. पोरांनी तिला कुंकू लावलं, तिचं म्यान झालं आणि म्यानामुळे एक जंबियाही तयार झाला, जो कुणी कधीच पाहिला नव्हता.

मी म्हटलं, मामा, मग सोपं आहे. जाऊन मागू.

सासरे म्हणाले, त्याच्या दारात मी डबी मागायला जाऊ? तो मला खंडित म्हणला, चारचौघांत. मेलो तरी जाणार न्हाई. आणि तुमी बी जाऊ नका. त्याला कळलं की ही डबी हाय तर तो तिजोरीत घालून ठेवील आन् वरून मलाच पिस्तूल मागंल.

हेही खरंच होतं. चुलत सासऱ्यांचा सगळा थाट त्या म्यानावर होता. ते म्यान नाही असं सांगणं म्हणजे त्यांच्या आजोबांच्या कमरेचा जंबिया काढून घेणं.

खंडेनवमीला घरोघरची अवजारं घासायची असतात. सासूबाई चिंच आणि राख घेऊन चुलत घरी गेल्या. एरवी त्यांचं जाणं-येणं बंद होतं, पण नवमीचं निमित्त पुरे होतं. काकूंना, म्हणजे चुलत सासूबाईंना, त्या म्हणाल्या, दोघी मिळून घासू, लवकर होईल. विळे घासले, कोयते घासले, आणि म्यान हळूच आपल्या पुढ्यात ओढलं. वर्षानुवर्षांचं कुंकू, शेंदूर, तेल, सगळं निघालं. घरी परत येऊन त्यांनी हात पुसत मला सांगितलं, "जावाईबापू, बुडाला दवाखान्याची खूण हाय."

मी विचारलं, लाल? नव्हे, म्हणाल्या, कोरलेली. अधिकची. शेजारी आकडे. आकडे त्यांनी पदराच्या टोकाला खडूने लिहून आणले होते. मी कपाटातलं पिस्तूल काढून बघितलं. तेच.

सासरे कपाटाशी उभे होते. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं आणि बाहेर जाऊन पारावर बसले.

दसऱ्याला भावकी जमली. ओसरीत पाट मांडला. सासऱ्यांनी पिस्तूल आणून ठेवलं. चुलत सासरे पटका बांधून आले, म्यान दोन्ही हातांवर धरून, जणू आत जंबिया आहेच. ते लख्ख चमकत होतं. त्यांनी ते पाटावर ठेवलं, पिस्तुलाकडे पाहिलं, आणि घसा साफ केला. तो घसा साफ होताना मला दिसलं की आता पुन्हा तेच होणार. माझ्या हातात कॅमेरा होता.

मला एक गोष्ट व्यवसायातून कळलेली आहे. आमदार असो की नवरदेव, फोटोवाल्याने सांगितलं की माणूस ऐकतो. हनुवटी वर म्हटलं की वर करतो, डोळे मिटू नका म्हटलं की श्वासही धरतो. मी खणखणीत आवाज लावला, अगदी लग्नात आंतरपाट धरतात तेव्हा लावतो तसा. म्हटलं, पूजेआधी घराण्याच्या दोन्ही शाखांचा शस्त्रासह एक फोटो. थोरल्यांनी पिस्तूल हातात घ्यावं, काकांनी म्यान.

चुलत सासऱ्यांचा घसा तिथेच राहिला. फोटो म्हटल्यावर त्यांनी पटका सारखा केला.

दोघं समोरासमोर उभे राहिले. सासऱ्यांना आता माझा बेत कळला होता, पण त्यांनी चेहऱ्यावरची माशी हलू दिली नाही. मी म्हटलं, जरा जवळ या, फोटोत बसत न्हाई. ते सरकले. अजून. सरकले. मामा, पिस्तूल थोडं वर, मूठ काकांकडं. काका, म्यान उभं धरा, झोपलेलं वाईट दिसतं. उघडं तोंड वर. हां. थोडं फिरवा. दुसऱ्या अंगाने. आता मुठीच्या बराबर खाली. उजेड कमी पडून राहिलाय, अजून थोडं वर घ्या.

"किती वर?" चुलत सासऱ्यांनी कॅमेऱ्याकडे बघत, हसरा चेहरा न मोडता विचारलं.

"मी थांब म्हणेपर्यंत," मी म्हटलं.

मी थांब म्हटलंच नाही. म्यानाचं तोंड मुठीत शिरलं. चुलत सासऱ्यांचं अजून कॅमेऱ्याकडेच लक्ष होतं, दात दिसत होते, आणि हात आपला आज्ञाधारकपणे वर जात होता. मग आवाज आला. खट्. लहानसाच, कपाटाला कडी लागावी तसा. पण ओसरीत तो सगळ्यांना ऐकू गेला.

चुलत सासऱ्यांनी खाली पाहिलं. हात मागे ओढला. डबी आली नाही, खटक्याने तिला धरलं होतं. त्यांनी पुन्हा ओढलं, तर पिस्तूल आणि पिस्तुलामागून सासरे दोन पावलं पुढे आले. त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी त्यांच्याकडे. ज्या म्हाताऱ्याने गेल्या वर्षी अक्षता खिशात घातल्या होत्या, तो वाकून मुठीचं बूड बघून आला आणि म्हणाला की आता पोकळी न्हाई.

पण पूजा कोण करणार? पिस्तूल एकाचं, डबी दुसऱ्याची, आणि दोघांच्याही हातून ते सुटेना. खटका दाबला तर डबी निघते, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं आणि ज्याला ठाऊक होतं तो मी कॅमेऱ्यात डोळा घालून उभा होतो. सासूबाई पुढे आल्या. त्यांनी ताम्हन घेतलं, आधी सासऱ्यांच्या मनगटाला कुंकू लावलं, मग चुलत सासऱ्यांच्या, मग त्यांच्या मध्ये अडकलेल्या त्या काळ्या हत्याराला. दोघांनी एकत्रच ते खाली पाटावर ठेवलं. कुणीतरी अक्षता टाकल्या. मग सगळ्यांनी टाकल्या. चुलत सासऱ्यांचे ओठ हलत होते. म्यान म्हणावं की डबी, याचा ते बहुधा विचार करत असावेत. सासऱ्यांनी ताम्हनातलं फूल उचललं, त्यातल्या अर्ध्या पाकळ्या भावाच्या ओंजळीत टाकल्या आणि दोघं मिळून त्या वाहू लागले.

तेवढ्यात बायकांच्या मधून, वाटणीत मिळालेलं एकूण एक जपून ठेवणाऱ्या काकू घाबऱ्याघुबऱ्या होऊन मोठ्याने बोलून गेल्या, "मंग आता शेतामधला बांध बी मोडायचा का काय?"